दीडशे भागांची अंतराळ सिरीयल : कुठून धरायची, कधी सोडायची

अंतराळाच्या इंग्रजी सिरीयली पाहायच्या आहेत पण एकेकीचे दीडशे-दोनशे भाग पाहून धडकी भरते, सुरुवात कुठून करू भाऊ, असं इकडे आजकाल लय जण विचारून राहिले. धडकी भरणं बरोबरच आहे. 'स्टारगेट एसजी-वन'चे २१४ भाग, 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन'चे १७८, अन् 'डॉक्टर हू' तर १९६३ पासून चालू आहे, मधात १९८९ ते २००५ जवळपास बंदच होती तेवढं सोडा. आपल्याकडे १९९८ मध्ये दूरदर्शनवर 'कॅप्टन व्योम' लागायची, मिलिंद सोमणवाली, ज्यांनी ती पाहिली त्यांना थोडी चव माहीत आहे, पण हे प्रकरण त्याच्यापेक्षा लय मोठं आहे.

आधी मी काय पाहतो ते सांगून टाकतो. यान किती चकाचक, लढाई किती मोठी, हे नंतर. आधी पाहतो हिशोब. मागच्या भागात जे मोडलं, जे संपलं, जो मेला, त्याचं पुढच्या भागात कोणाला काही भोगावं लागते का, की सोमवारी जग बुडालं अन् मंगळवारी सगळे न्हाऊनधुऊन परत हजर? लांब सिरीयलपाशी वेळ भरपूर असते, पिक्चरपाशी नसते. त्या वेळेचं तिने केलं काय, यावरच ती मोठी आहे की नुसतीच लांब आहे ते ठरते.

पायरी १ : तयारी

कोणती सिरीयल कोणत्या ॲपवर आहे हे बदलत राहते, तेव्हा सर्च करूनच पाहा ('द एक्सपान्स' तेवढी ॲमेझॉन प्राइमची आहे). गावात टॉवर जेव्हा नीट चालते, म्हणजे बहुतेक रात्री उशिरा नाहीतर पहाटे, तेव्हा दोन-तीन भाग डाउनलोड करून ठेवा. एक भाग साधारण ४२ ते ४५ मिनिटांचा असते. रात्रपाळीच्या लाईटवर ओलिताला जाणाऱ्याला हे माप बरोबर बसते, मोटर लावून धुऱ्यावर बसलं की पाणी सरीच्या टोकाला पोचेपर्यंत एक भाग होऊन जाते. फक्त हेडफोन एकाच कानात घाला, दुसरा कान रानडुकरासाठी मोकळा पाहिजे.

सबटायटल चालू ठेवा, इंग्रजी असले तरी. अन् एक भीती आधीच काढून टाका, ती तांत्रिक बडबडीची. इंजिनियर येते अन् दहा सेकंदात असे शब्द फेकते की इंजिनियरिंगवाल्यालाही काही कळत नाही. घाबरायचं काम नाही. 'स्टार ट्रेक'चे लेखक पटकथेत त्या जागी नुसतं 'टेक' लिहून सोडायचे अन् नंतर विज्ञानाचे सल्लागार तिथे शब्द भरायचे, हे त्यांच्यातल्याच रोनाल्ड मूर या लेखकाने सांगितलेलं आहे. म्हणजे लिहिणाऱ्यालाच तिथे काय येणार ते माहीत नव्हतं, मग आपण काऊन डोकं लावायचं? बोलणाऱ्याचा चेहरा पाहा, घाबरला आहे की नाही तेवढं समजलं की झालं. हा मूर ध्यानात ठेवा, पुढे परत लागणार आहे.

पायरी २ : प्रकार ओळखा

दोन प्रकार आहेत. एकात दर भागात नवीन गोष्ट, त्याच दिवशी सुरू अन् त्याच दिवशी खतम. १९६६ ते १९६९ मधली पहिली 'स्टार ट्रेक' (७९ भाग) अशीच, १९८७ ते १९९४ मधली 'द नेक्स्ट जनरेशन' बहुतेक अशीच. याचं कारण धंद्याचं आहे. तिकडे जुने भाग लहान लहान स्थानिक चॅनलना विकले जायचे अन् ते कोणत्याही क्रमाने, कितीही वेळा लावायचे, त्यामुळे कोणताही भाग कुठूनही पाहिला तरी समजला पाहिजे अन् शेवटी सगळी पात्रं जिथल्या तिथे पाहिजेत, असा दंडकच होता. दुसऱ्या प्रकारात एकच गोष्ट वर्षानुवर्षं चालते : 'बॅबिलॉन फाइव्ह', नवीन 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका', 'द एक्सपान्स'. यात मधात घुसलं की काहीच कळत नाही.

नवीन माणसाने पहिल्या प्रकारापासून सुरू करावं, अन् पहिल्या भागापासून तर बिलकुल नाही.

'द नेक्स्ट जनरेशन'च्या दुसऱ्या सीझनमधला 'द मेजर ऑफ अ मॅन' लावा, १९८९ चा. यानावर डेटा नावाचा यंत्रमानव अधिकारी आहे. एक शास्त्रज्ञ येते अन् म्हणते मला याचे पार्ट खोलून अभ्यास करायचा आहे, हा काही माणूस नाही, सरकारी मालमत्ता आहे. प्रकरण सुनावणीपर्यंत जाते. कॅप्टन पिकार्ड डेटाच्या बाजूने उभा राहते, अन् विरुद्ध बाजूने वकिली करायची पाळी येते ती डेटाच्याच दोस्तावर, रायकरवर, नाही म्हणायची सोय नाही. तो सुनावणीतच डेटाचा हात काढून दाखवते, मग त्याचं बटन बंद करते, डेटा बाहुलीसारखा पुढे पडते. एक गोळी नाही, एक स्फोट नाही. लिहिणारी मेलिंडा स्नॉडग्रास आधी स्वतः वकील होती, ते वाक्यावाक्यात जाणवते.

हा भाग आवडला तर पुढे चला. नाही आवडला तर हा सगळा प्रकारच बहुतेक तुमच्यासाठी नाही, मोकळ्या मनाने क्रिकेट पाहा.

मग तिसऱ्या सीझनचा शेवटचा अन् चौथ्याचा पहिला भाग, 'द बेस्ट ऑफ बोथ वर्ल्ड्स', दोन्ही लागोपाठ. बोर्ग नावाचे अर्धे यंत्र अर्धे माणूस पिकार्डला उचलून नेतात अन् आपल्यात जोडून घेतात, त्याच्याच तोंडून त्याच्या लोकांना धमकी देतात. १९९० मध्ये हे अर्ध्यावर तोडून लोकांना अख्खा उन्हाळा ताटकळत ठेवलं होतं. सगळे याच दोन भागांचं गुणगान करतात, मला त्याच्या पुढचा भाग जास्त मोठा वाटते. त्याचं नाव 'फॅमिली'. त्यात अंतराळात जवळपास काहीच घडत नाही. पिकार्ड फ्रान्सात आपल्या गावी जाते, भाऊ तिथे द्राक्षाचा मळा सांभाळून राहिला, वडिलोपार्जित, अन् तू शिकून मोठा साहेब झाला आम्ही इथे मातीत राहिलो हा सल त्याच्या पोटात वर्षानुवर्षं आहे. दोघं भाऊ मळ्यात चिखलात लोळून मारामारी करतात, हसतात, अन् मग हा दगडासारखा कॅप्टन चिखलात बसून ढसाढसा रडते, की त्यांनी माझ्याकडून जे करवून घेतलं ते मला थांबवता आलं नाही. ज्या घरातला एक भाऊ नागपूर-पुण्याला अन् एक वावरात आहे त्या घरात हा भाग समजावून सांगायची गरज पडत नाही. दर भागात सगळं पुसून टाकायच्या काळात कोणीतरी उठून म्हटलं की नाही, याचा हिशोब होणार. 'फॅमिली' लिहिणारा तोच, रोनाल्ड मूर.

पायरी ३ : पहिला सीझन सोसायचा कसा

जवळपास प्रत्येक लांब सिरीयलचा पहिला सीझन ढिला असते. नटांना आपलं पात्र सापडलेलं नसते, लेखक बदलत राहतात, सेट नवे कोरे वाटतात. 'द नेक्स्ट जनरेशन'चा पहिला सीझन आज पाहिला की लाजच वाटते. दुसऱ्या सीझनमध्ये रायकर दाढी ठेवून आला अन् तेव्हापासून सिरीयल सुधारत गेली, म्हणून कोणतीही सिरीयल रुळावर आली की तिकडचे चाहते तिला दाढी फुटली असं म्हणतात.

दर भागात नवी गोष्ट असेल तर पहिला सीझन बिनधास्त टाळा, नंतर प्रेम बसलं की मागे जाऊन पाहा. एकच गोष्ट असेल तर टाळता येत नाही, दात-ओठ खाऊन काढावा लागते. 'बॅबिलॉन फाइव्ह'चा पहिला सीझन संथ आहे अन् त्यातलं कॉम्प्युटर ग्राफिक आज जुन्या व्हिडिओ गेमसारखं दिसते, पण त्यात पेरलेलं तिसऱ्या-चौथ्या सीझनला उगवते. 'द एक्सपान्स'ला चार भाग द्या. पहिल्या तीन भागांत कोण कुठलं काहीच कळत नाही, चौथ्या भागात मंगळवाल्यांच्या मोठ्या युद्धनौकेवर हल्ला होते अन् तिथून खाली ठेवता येत नाही.

पायरी ४ : पाणी कुठून येते ते पाहा

ही माझी सगळ्यात आवडती परीक्षा. यानावर पाणी, हवा, इंधन, गोळ्या, झोप, यातलं काही कधी संपते का?

'स्टार ट्रेक : व्हॉयेजर' घ्या, १९९५ ते २००१. कल्पना जबरदस्त : एक यान घरापासून ७०,००० प्रकाशवर्षं दूर फेकल्या जाते, परत यायला ७५ वर्षं लागणार, वाटेत ओळखीचं कोणी नाही, यानावर दोन गट जे कालपर्यंत एकमेकांचे दुश्मन. एवढं सामान हातात असून दर भागाच्या शेवटी यान परत नव्यासारखं. सुरुवातीलाच एकदा सांगून टाकलं की आपल्याकडे ३८ टॉर्पेडो आहेत अन् नवीन मिळायची सोय नाही, पुढे त्याहून जास्त सोडले, कुठून आले कोणी विचारत नाही. चाहत्यांनी मात्र मोजून ठेवले. सिरीयल वाईट आहे असं मी म्हणत नाही, कॅप्टन जेनवे मस्तच आहे, पण जी गोष्ट तोंडापर्यंत आली होती ती खाल्लीच नाही असं वाटते.

अन् इथे परत मूर येते. तो 'स्टार ट्रेक'चीच दुसरी सिरीयल 'डीप स्पेस नाइन' संपल्यावर १९९९ मध्ये 'व्हॉयेजर'वर गेला अन् थोड्याच दिवसांत वैतागून बाहेर पडला. मग जे तिथे करता आलं नाही ते त्याने 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'मध्ये केलं. मूळ सिरीयल १९७८ ची, याने ती नव्याने लिहिली, आधी २००३ मध्ये दोन भागांची मिनी सिरीज, मग २००४ ते २००९ चार सीझन. माणसाचे बाराही ग्रह संपले, पन्नास हजाराच्या आसपास जीव उरले, जहाजांचा एक तांडा पळून राहिला. सरकारातले सगळे मेले म्हणून वारसाच्या यादीत ४३ व्या नंबरवर असलेली शिक्षणमंत्री राष्ट्राध्यक्ष होते, मूळची शाळेची बाई. मिनी सिरीजनंतरचा पहिला भाग म्हणजे '३३'. शत्रू दर ३३ मिनिटांनी येते, पाच दिवसांच्या वर कोणी झोपलेलं नाही, दाढ्या वाढल्या, डोळे लाल, माणसं वाक्य अर्धवट सोडून राहिली. अन् त्या बाईपाशी एक फळा आहे, त्यावर किती माणसं जिवंत आहेत तो आकडा. कोणी मेलं की ती स्वतः पुसते अन् नवीन लिहिते. भागाच्या शेवटी एक बाळ जन्मते अन् आकडा एकाने वाढते, तेवढ्यावर आख्खा भाग संपवला. पुढे हाच आकडा सुरुवातीच्या टायटलमध्ये येत राहते. त्याच्या पुढचाच भाग पाण्यावर आहे, टाक्या फुटतात अन् तांड्याला पाणी शोधत फिरावं लागते. आपल्याकडे मार्च लागला की टँकरच्या नंबरावरून जी तोंडं वाजतात ती ज्याने ऐकली आहेत त्याला त्या भागातलं राजकारण पटकन कळेल.

'द एक्सपान्स' (२०१५ ते २०२२, ६२ भाग) याच वाटेने अजून पुढे गेली. गोष्ट सुरूच होते बर्फ वाहणाऱ्या जहाजावर. लघुग्रहांच्या पट्ट्यातले लोक, बेल्टर, यांना पाणी अन् हवा दोन्ही बाहेरून आणावी लागते अन् त्यावर मालकी दुसऱ्याची. कमी गुरुत्वात वाढल्याने त्यांची हाडं लांब अन् कमजोर, पहिल्याच भागात पृथ्वीवर एका बेल्टरला नुसतं लटकवून ठेवतात, पृथ्वीचं वजनच त्याचा छळ. हे करवून घेणारी बाई कोण, तर पृथ्वीच्या सरकारातली क्रिसजेन अवासराला, साडीसारखा पेहराव, दागिने, अन् तोंडात शिव्या. ही भूमिका शोहरे अगदाश्लू या इराणी वंशाच्या नटीने अशी केली आहे की तिच्यासमोर बाकी सगळे पोरसवदा वाटतात. बेल्टर हातवारे मोठे मोठे करून बोलतात कारण अंतराळाच्या पोशाखात चेहरा दिसत नाही. यातलं काहीच कोणी समोर येऊन समजावून सांगत नाही, आपलं आपण पकडायचं.

अन् दुसऱ्या सीझनमधलं गॅनिमीड आपल्याकडच्या माणसाने चुकवूच नका. गुरूचा हा चंद्र म्हणजे त्या सगळ्या भागाचं धान्याचं कोठार, काचेखाली शेती, सूर्याचा उजेड आरशांनी आणलेला. लढाईत आरसे कोसळतात. प्रॅक्स नावाचा वनस्पतीशास्त्रज्ञ, मूळ कादंबरीत तर हा माणूस सोयाबीनवरच काम करते, तो 'कॅस्केड' नावाच्या भागात सांगते की हे ठिकाण आता वाचत नाही, एक गोष्ट बिघडली की तिला सांभाळायला दुसरी ताणल्या जाते, मग ती बिघडते, अन् शेवटी कुठून सुरू झालं तेच सापडत नाही. पिवळी पडलेली पानं पाहून हा माणूस अख्ख्या शहराचं मरण सांगून टाकते. येलो मोझॅकने पिवळं झालेलं सोयाबीन पाहत जो धुऱ्यावर उभा राहिला आहे त्याला हा सीन लागणार.

पायरी ५ : शेजारी पाहा

काही सिरीयलींमध्ये यान कुठे जातच नाही. 'डीप स्पेस नाइन' (१९९३ ते १९९९) अन् 'बॅबिलॉन फाइव्ह' (१९९४ ते १९९८) दोन्ही अंतराळ स्थानकांवर घडतात, अन् ही ठिकाणं म्हणजे आपल्या तालुक्याचं एसटी स्टँड समजा, सगळ्या गावचे लोक येतात, कोणी भांडायला, कोणी विकायला, कोणी लपायला, अन् कँटीनवाला सगळ्यांचं ऐकून राहिला. जाऊन जाऊन कुठे जाणार, ज्याच्याशी भांडलो तोच उद्या परत समोर. म्हणून हिशोब इथे आपोआपच चालते.

'डीप स्पेस नाइन'मधली मेजर किरा पूर्वी बंडखोर होती, जे कार्डॅशियन तिच्या ग्रहावर पन्नासेक वर्षं बसले होते त्यांच्याविरुद्ध लढलेली, अन् आता ज्या स्थानकावर ती अधिकारी आहे ते त्याच लोकांनी तिच्या लोकांना राबवून घेतलेलं ठिकाण. पहिल्या सीझनच्या शेवटाकडचा 'ड्यूएट' पाहा, बहुतेक वेळ एका कोठडीत दोन माणसं बोलत बसतात, बाकी काही नाही. 'बॅबिलॉन फाइव्ह'मध्ये लोंडो अन् जकार हे दोन राजदूत. सुरुवातीला लोंडो विदूषक वाटते अन् जकार खलनायक, पुढे पाच वर्षांत दोघांचं काय होते ते मी सांगणार नाही, पण टीव्हीवर दोन माणसांचं याच्यापेक्षा मोठं वैर अन् याच्यापेक्षा अवघड नातं मी पाहिलं नाही. याच सिरीयलीत पहिल्या सीझनला गोदीतल्या कामगारांचा संप आहे, अन् 'डीप स्पेस नाइन'मध्ये दारूच्या गुत्त्यातले वेटर युनियन काढतात. अंतराळातही मजुरी कोणाला तरी द्यावीच लागते हे ज्या सिरीयलला सुचते तिच्यावर माझा आपोआप भरोसा बसते.

विज्ञान किती खरं पाहिजे, यावर लोक लय भांडतात. मी एवढंच पाहतो की नियम एकदा ठरवला की पाळला पाहिजे. 'स्टार ट्रेक'मध्ये माणूस इथे विरघळून तिथे उगवते, ते यंत्र मुळात आलं कारण दर भागात यान ग्रहावर उतरवून दाखवायला पैसे पुरत नव्हते. चालते. ग्रहांचंही तसंच, 'स्टारगेट'चा जवळपास प्रत्येक ग्रह कॅनडातल्या व्हँकुव्हरजवळचं सूचिपर्णी जंगल आहे अन् 'स्टार ट्रेक'चे कितीतरी ग्रह कॅलिफोर्नियातले तेच ते वास्केझचे खडक. आपलं लोणार त्यांना माहीत असतं तर बाप्पा, उल्का पडून झालेलं जवळपास पावणेदोन किलोमीटरचं खरंखुरं विवर बेसाल्टात, सेट लावायचं कामच नव्हतं.

पायरी ६ : कधी सोडायची

लांब सिरीयलीत नट जातात, चॅनल पैसे काढून घेते, संप होतात. मोठी सिरीयल हे पचवते. 'डॉक्टर हू'चा पहिला नट विल्यम हार्टनेल तब्येतीमुळे थकला तेव्हा १९६६ मध्ये त्यांनी सरळ नायकाचं शरीरच बदलतं असं ठरवून टाकलं, अन् त्या एका जुगाडावर सिरीयल आजपर्यंत जगली. 'बॅबिलॉन फाइव्ह'चा कर्ता स्ट्रॅझिन्स्की याने पाच वर्षांची गोष्ट आधीच आखली होती, ११० पैकी ९२ भाग स्वतः लिहिले, अन् प्रत्येक पात्रासाठी आधीच एक बाहेर जायची वाट ठेवली होती, त्यामुळे पहिल्या सीझननंतर मुख्य नट गेला तरी गोष्ट कोसळली नाही. तरी चौथ्या सीझनला सिरीयल बंद पडणार या भीतीने त्याने सगळं घाईत आटपलं, मग पाचवा सीझन मिळाला अन् त्यात सांगायला सामान कमी उरलं. पाचवा अर्धा सोडला तरी पाप लागत नाही, शेवटचा भाग मात्र पाहाच.

माझा नियम असा : लागोपाठ तीन-चार भाग असे गेले की कोणाला कशाची किंमतच मोजावी लागली नाही, तर फोन ठेवून द्या. शेवट वाईट आहे हे ऐकून मात्र सोडू नका. 'बॅटलस्टार'च्या शेवटावरून आजही भांडणं होतात, मला स्वतःला तो शेवट पटला नाही, पण त्यामुळे '३३' काही लहान होत नाही.

आता क्रम. 'द मेजर ऑफ अ मॅन', मग बोर्गचे दोन भाग अन् 'फॅमिली'. मग 'बॅटलस्टार'ची मिनी सिरीज अन् '३३'. मग 'द एक्सपान्स' पहिल्यापासून, सहाच सीझन आहेत. 'डीप स्पेस नाइन' अन् 'बॅबिलॉन फाइव्ह' पावसाळ्यासाठी ठेवा, लांब आहेत. 'द नेक्स्ट जनरेशन' घरात सगळ्यांसमोर मोठ्या टीव्हीवर चालते, आजी बसली असली तरी. 'बॅटलस्टार' अन् 'द एक्सपान्स' फोनवरच पाहा, त्यात नको ते सीन अन् शिव्या दोन्ही आहेत अन् आबाजी नेमके त्याच वेळी चहा मागायला येतात.

'फारस्केप' सगळ्यात शेवटी. १९९९ ते २००३, ८८ भाग, जिवंत यान, काही पात्रं चक्क बाहुल्या, जिम हेन्सनच्या कंपनीने बनवलेल्या, अन् दहा मिनिटांत त्या बाहुल्या आहेत हे विसरून जाल. ही सिरीयल अचानक बंद केली अन् चौथा सीझन अशा जागी तुटते की माणूस टीव्ही फोडेल. शेवट २००४ मध्ये वेगळ्या मिनी सिरीजमध्ये आला, 'द पीसकीपर वॉर्स'. ती आधी शोधून डाउनलोड करून ठेवा, मगच चौथ्या सीझनचा शेवटचा भाग लावा.